कारभारीची माय सामना बघायला आली

"सुदर्शन, दात हाय का बघ," म्हणत कारभारीने माझ्यापुढे तोंड उघडले. समोरचा एक अर्धा गेला होता. मी तसे सांगितले. तो रक्त थुंकला आणि हेल्मेट चढवत म्हणाला, "जाऊ दे. माय बसलीय तिथं, तिला सांगू नको."

अमेरिकन फुटबॉल हा नावालाच फुटबॉल. चेंडू पोटाशी धरून पळायचे नाहीतर पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी आपल्याला आडवे करायचे. आमच्या कॉलेजच्या संघात आडवे व्हायचे काम कारभारीचे. चिन्मय चेंडू त्याच्या पोटाशी द्यायचा, मी आणि बाकीचे आडदांड गडी समोरच्यांना रेटून फट पाडायचो आणि हा पैठणचा रेडा त्या फटीत डोके घालायचा. दोन पावले मिळायची, कधी तीही नाहीत. बघणाऱ्यांना वाटायचे, हा येडा सारखा भिंतीलाच का धडकतोय? आम्हाला शिकवणारे वैजनाथ सर मात्र ओरडायचे, "हाण अजून! तुला अडवायला ते पुढं आले की मागचं रान मोकळं!" त्या मोकळ्या रानात चिन्मय चेंडू फेकायचा आणि पेपरात चिन्मयचा फोटो यायचा. मला याचा भयंकर राग यायचा. कारभारीला कधी आला नाही.

आज मात्र त्याला स्वतःला काहीतरी हवे होते. हा त्याचा शेवटचा सामना. सोमवारपासून तो वाळूजच्या कारखान्यात लागणार होता. त्याची माय, आवडाबाई, पहिल्यांदाच एसटीने छावणीतल्या मैदानावर आली होती. तिच्यासमोर एकदा तरी चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडायची आणि गुण मिळवायचे, हेच तो सकाळपासून माझ्या कानाशी घोकत होता.

पाहुण्या संघाने त्याला कुटून काढले. बरगडीत कोपरे घातले, गड्यांच्या ढिगाऱ्याखाली बोटे बुटाने चिरडली. मीही त्यांच्यातल्या एकाला उचलून आपटले आणि मला बरे वाटले.

शेवटचा डाव उरला तेव्हा आम्ही मागे होतो. रेघ अगदी समोर होती.

"सर, मला द्या," कारभारी म्हणाला.

सरांनी त्याच्याकडे बघायचे टाळले. "तुला दिला असं फक्त दाखवायचं. चेंडू चिन्मयकडंच राहील."

कारभारीने एकदा मायकडे बघितले. "बरं," म्हणाला.

चिन्मयने चेंडू त्याच्या पोटाशी नेला आणि तसाच काढून घेतला. कारभारीने रिकामे हात पोटाशी आवळले आणि मान खाली घालून घुसला. ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि माझ्या डोक्यात सोमवार आला. तिकडे रेघेपलीकडच्या कोपऱ्यात आमचा शिवम एकटाच उभा होता, एसटीची वाट बघत असल्यासारखा. चिन्मयने फेकलेला चेंडू अलगद त्याच्या हातात पडला आणि आम्ही जिंकलो.

सगळे शिवमकडे धावले. मी कारभारीवर पडलेल्या एकेकाला ओढून बाजूला केले. तो खाली तसाच पडला होता, डोळे मिटलेले, हात पोटाशी घट्ट.

आवडाबाई अनवाणी धावत आली. "चेंडू तं त्या पोराकडं व्हता! मंग ह्याला काहून मारलं?"

"मावशी, त्यांना वाटलं ह्याच्याकडंच हाय."

"समद्यांना?"

"व्हय, समद्यांना."

लंगडत निघालेल्या त्या धिप्पाड पोरांकडे ती बघत राहिली. मग लेकाजवळ बसली आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"सोड आता, बाळा. पोचला चेंडू."

तेव्हा कुठे त्याने हात सोडले.