चिनारच्या पानांचा कोळसा

मुख्ताने लांब काठीने पेटता ढीग उलटा केला, तशी खालची पानं वर येऊन धडधडून पेटली. फाता पाण्याचा डबा घेऊन पुढे सरकली.

"थांब गं. कच्चं राहील."

"दर वर्षीचं तुमचं हे. इथे माझी बोटं गारठलीत."

"बोटं गारठली तर आगीपाशी आण. पाणी नको आणूस."

फाता हसली आणि डबा खाली ठेवून उकिडवी बसली. ती वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि मुख्ता तिथली वॉर्डन. पण पानगळ सुरू झाली की दोघींमधला हुद्दा गळून जायचा. मुलींच्या वसतिगृहासमोर चार चिनार होते, कॉलेजच्याही कितीतरी आधीचे. त्यांची पानं लाल होऊन गळली की दोघी ती झाडून ढीग लावायच्या, पेटवायच्या आणि ज्वाळा बसून सगळं काळं झालं की पाणी शिंपडून कोळसा करायच्या. हिवाळाभर वसतिगृहातल्या कांगड्यांना, कपड्यांखाली धरायच्या त्या निखाऱ्यांच्या मडक्यांना, तोच कोळसा. पाणी लवकर पडलं तर पान अर्धवट राहतं आणि असल्या कोळशाचा धूर बंद खोलीत माणसाला झोपेतच गाठतो. मुख्ताचा कोळसा मात्र कधी कुणाच्या डोक्यात चढला नव्हता. गल्लीतल्या बायका एरवी तिला खडूस म्हणायच्या, कोळशासाठी मात्र गोड बोलत यायच्या. तिलाही त्याचा मनातून तोरा होता.

"आता मार," ती म्हणाली. फाताने पाणी शिंपडलं. वाफेचा लोट उठला, आणि तो विरला तेव्हा पलीकडच्या चिनारखाली एक माणूस उभा असलेला दिसला. अंगात पायघोळ राखाडी फेरन, बाह्या रिकाम्या लोंबणाऱ्या, हात आत.

मुख्ताने त्याला ओळखलं. गेल्या वर्षी याच दिवसांत हा माणूस इथून आपल्या मुलीला घेऊन गेला होता, गाडीच्या टपावर, घोंगडीत गुंडाळून. तो उल्फतचा बाप, अहद लोन.

"फाता, चहा आण," ती म्हणाली. "समोवार भरून आण." फाता आत गेली.

अहद लोन आत यायला तयार होईना. चिनारच्या वर आलेल्या मुळावरच तो बसला. बरं आहात ना, घरी सगळे बरे ना, असं दोघांनीही एकमेकांना विचारलं.

"बहिणी, मी लोलाबहून पहाटे निघालो," शेवटी तो म्हणाला. "एकच विचारायचंय. पोलिसांनी लिहिलं, बंद खोलीत कांगडीच्या धुराने गेली. ते कागदावर झालं. गावात लोक वेगळं बोलतात."

"लोकांच्या जिभेला हाड नसतं, भाईजान."

"नसतं. पण माझ्या बायकोच्या कानांना दार नाही. ती वर्षभरात पोरीच्या कबरीवर गेलेली नाही. म्हणते, धुराने, अपघाताने गेली असेल तर माझी लेक शहीद, मी रोज जाईन. आणि स्वतःहून गेली असेल तर मी कुणासाठी दुआ मागू, कुठल्या तोंडाने मागू?" त्याने हात बाहेर न काढता फेरनच्या कापडानेच नाक पुसलं. "धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं. ते सोडा. तुम्ही इथे होतात. ती तुम्हाला काही बोलली होती का?"

मुख्ताने काठीने विझलेला ढीग उकरला.

बोलली होती. हंदवाड्याच्या चुलतभावाशी लग्न ठरवलंय, परीक्षा झाली की कॉलेज बंद. दीदी, तुम्ही अब्बांशी बोलाल? मुख्ता तेव्हा गाद्या मोजत होती. बाप काही तुझ्या वाईटावर नसतो, असं म्हणून तिने मुलीला वाटेला लावलं होतं. नंतर एका संध्याकाळी उल्फत खोल्याखोल्यांतून फिरली. काही चुकलं असेल तर माफ करा, असं प्रत्येकीला म्हणाली. हजला निघालेली माणसं मागतात तशी माफी. पोरी हसल्या, म्हणाल्या, परीक्षेला घाबरलेली दिसते. नवा फेरन तिने घडी करून मैत्रिणीच्या पलंगावर ठेवला होता. मुख्ताच्या दारातही ती आली होती. सकाळी तिचं दार उघडलं नाही.

हे सगळं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, पोलिसांनासुद्धा नाही. वर्षभर तिच्या तोंडाला कुलूप होतं. आता समोर बसलेल्या माणसाचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते. खरं सांगितलं तर मुलगी पुन्हा एकदा मरणार होती आणि या खेपेला बापाच्या हातून.

"बोलली नाही," मुख्ता म्हणाली. "ती काय बोलणार? चूक माझी होती."

"तुमची?"

"कोळसा कच्चा होता, भाईजान. हा असाच, इथलाच. त्या वर्षी ढीग पुरता जळायच्या आत पाणी पडलं. मला कळलं होतं. पानं वाया कशाला घालवायची म्हणून तसाच पोत्यात भरला. दोनतीन मुलींचं डोकंही दुखत होतं. मी म्हटलं, अभ्यासाने दुखत असेल." तिचा आवाज जराही हलला नाही. "थंडी फार होती. तुमच्या लेकीने कांगडी जवळ घेतली, दार लावलं आणि झोपली. बस, एवढंच झालं."

अहद लोनने डोळे मिटले. मग त्याचे खांदे हलू लागले आणि तो मोकळेपणी, पोरासारखा रडला. मुख्ताला वाटलं, चला, निदान एकाचा तरी जीव टांगणीवरून उतरला. वर्षभरात पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. आता गल्लीत तिचा कोळसा कुणी घेणार नव्हतं, तोंडावर बोलणार होते, नोकरीही जाणार होती. जाऊ दे, ती मनात म्हणाली, एवढ्यावर सुटले तर स्वस्तात सुटले.

"अल्ला तुम्हाला याचा जाब विचारेल," रडणं ओसरल्यावर तो म्हणाला. त्यात राग होता, पण त्याहून जास्त सुटका होती. "मी नाही विचारणार. पण माझ्याबरोबर चला. आत्ताच. उद्या जुम्मा आहे, मशिदीबाहेर सगळं गाव असतं. हे त्यांच्यासमोर सांगा. आधी पोरीच्या आईला सांगा."

"येते," मुख्ता म्हणाली.

मागे पेल्यांचा आवाज झाला. फाता उभी होती. एका हातात समोवार, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले पेले. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने समोवार सावकाश खाली ठेवला.

"दीदी," ती म्हणाली, "पाणी तर मी मारते."

"फाता, तू आत जा."

"दर वर्षी मीच मारते. गेल्या वर्षीही मीच मारलं." "शेवटच्या ढिगाच्या दिवशी माझ्याकडे पाहुणे यायचे होते. मला घाई होती. तुम्ही थांब म्हणाला होतात. म्हणाला होतात ना?"

"मी काही म्हणाले नव्हते. तुझा काही संबंध नाही."

"म्हणाला होतात. मला आठवतंय आता." ती अहद लोनकडे वळली. "दीदी मला पाठीशी घालतायत, भाईजान. वर्षभर घालत आल्या. मला मेलीला कळलंच नाही. तुमच्या लेकीला रात्रीचं जेवण मीच वाढलं होतं."

मुख्ताने तोंड उघडलं. कोळसा चांगला होता, फाता. त्याच पोत्यातला आपण सगळ्यांनी जाळला, मार्चपर्यंत जाळला, कुणाला शिंकसुद्धा आली नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण ऐकायला अहद लोन तिथेच बसला होता, नुकता डोळे पुसून. तिने तोंड मिटलं.

तो एकीकडून दुसरीकडे बघत होता. बघता बघता त्याची नजर फाताच्या काळ्या झालेल्या हातांवर येऊन थांबली.

"मग हिलाही घ्या," तो उठत म्हणाला. "सुमोत जागा आहे."

"येते," फाता म्हणाली आणि हात धुवायला नळाकडे गेली.