गोणपाट

त्या सफरचंदाचं नाव गावानेच ठेवलं होतं, गोणपाट. साल तपकिरी, पोत्यासारखी खरखरीत. नवखं गिऱ्हाईक ते हातात घेऊन परत ठेवायचं. तोडल्या तोडल्या खाल्लं तर दात आंबायचे. पण दोन महिने पेंढ्यात निजवलं आणि साल सुरकुतली, की आत असा गोडवा उतरायचा की खाणारा बोलायचं विसरायचा. पणजोबांनी ही जात परमुलखातून आणली होती, कलमाची काडी ओली राहावी म्हणून बटाट्यात खोचून, आठवडाभर पायी चालत. पुढे एकेक झाड गेलं. कुंपणापाशी शेवटचं उरलं, ते घरातल्या थोरल्याच्या वाट्याला आलं.

थोरला त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. काडी मागायला आलेला माणूस दारातूनच परत जायचा. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, मला दुसरं काही नको. एक काडी दे. तिकडे अंगणात कलम बांधीन."

"आज तू नेशील, उद्या तुझे दीर नेतील. मग आपल्याकडे काय राहिलं?"

"पणजोबांनाही कुणीतरी दिलीच होती ना?"

थोरला चिडला. "घर सोडून चाललीस, आता झाडावर डोळा ठेवू नकोस," असं बोलून गेला.

धाकटीने पुन्हा काडी मागितली नाही. हळूहळू तिचं येणंही थांबलं. भाची झाली तेव्हा त्याने टोपलीभर गोणपाटं पाठवली आणि मनाची समजूत घातली. सव्वीस वर्षं अशीच गेली. मग तापाचं निमित्त होऊन धाकटी गेली. थोरला तिच्या घरी मान खाली घालून गेला आणि तसाच परतला.

दुसऱ्या वर्षी झाडाची पानं अवेळी पिवळी पडली. कृषी महाविद्यालयातून कलमांच्या जाणकार बाई आल्या. त्यांनी चाकूने ठिकठिकाणी साल खरवडून पाहिली. कुठेच हिरवं दिसेना.

"मूळ कुजलंय," त्या म्हणाल्या. "काडीवरचा एक जिवंत डोळा मिळाला असता, तरी दुसऱ्या झाडावर भरता आला असता. काडी कुणाला दिली होतीत?"

"नाही."

"एकालाही नाही?"

बाई गेल्यावर थोरल्याची बायको म्हणाली, "वन्संच्या अंगणात सफरचंदाचं झाड आहे. त्या गेल्या तेव्हा आपण गेलो होतो, तुमचं लक्ष नव्हतं, मी पाहिलंय."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, बहिणीने चोरी केलेली असू दे.

सकाळच्या पहिल्या गाडीने तो निघाला. फाटकातूनच त्याला कळलं. पान वेगळं होतं. फळं पिवळी, गुळगुळीत.

"तुम्ही टोपली पाठवली होती ना मामा, त्यातल्या बिया आईने पेरल्या होत्या," भाची म्हणाली. "एकच रुजली."

बी पेरलं तर सफरचंद आईवर जात नाही की बापावर जात नाही, हे बागवानाला कुणी सांगायला नको. तरी त्याने एक तोडून चावलं. सौम्य, पाणचट गोड.

"तुमच्या झाडासारखं आहे?"

हो म्हणावंसं वाटलं. "नाही गं."

"आईपण हेच म्हणायची. दरवर्षी चार फळं पेंढ्यात ठेवायची. दोन महिन्यांनी चाखायची आणि म्हणायची, नाही. पुढच्या वर्षी परत ठेवायची."

थोरला पायरीवर बसला आणि त्याला हुंदका आवरेना. भाचीने पाणी आणून दिलं.

"तिने काडी मागितली होती," तो म्हणाला. "मीच दिली नाही."

"माहीत आहे. बाबांनी सांगितलं. आई फक्त टोपलीचं सांगायची."

पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "याची काडी देशील मला?"

"घ्या की. विचारताय काय?"

हिवाळ्यात झाड झोपल्यावर तो पुन्हा आला आणि तीन काड्या घेऊन गेला. दोन जगल्या. गोणपाट मात्र गेलं. त्याची चव आता खाणाऱ्यांच्या जिभेवरच उरली आहे, आणि कुणी विचारलं तर नवराबायकोलाही ती नीट सांगता येत नाही.