दुसरी बॅटरी

काकासाहेबांना विमान बांधायची अवदसा आठवली, तेव्हा तीर्थपुरीत कुणी त्यांना वेड्यात काढलं नाही. काढायला हवं होतं. याआधी त्यांचं इमूपालन झालं होतं, ड्रॅगन फ्रूट झालं होतं, शेततळ्यात मोत्यांची शेतीही झाली होती. प्रत्येक वेळी फीत कापली गेली, फोटो निघाले, आणि फीत कापून झाली की काकासाहेबांचा त्या गोष्टीतला जीव उडाला. विमानाचं वेगळं एवढंच की त्यात कुणाला तरी बसावं लागणार होतं. बसणार होती अर्पिता, त्यांची एकुलती एक लेक.

अर्पिता विमान चालवायला रीतसर शिकलेली. परवाना हातात होता, नोकरीचं बोलावणं यायचं होतं. "इंजिन एकदा तुझ्या कानानं ऐक," असं दादांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर सांगितलं, म्हणून ती दसऱ्याला गावी आली. फाट्यावर उतरते तर समोर स्वतःचाच बॅनर. तीर्थपुरीची वैमानिक कन्या विमानाचं प्रथम उड्डाण करणार म्हणे. तिचा फोटो बारावीतला होता, खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग होती, आणि वडिलांचा फोटो विमानापेक्षा मोठा होता.

"उड्डाण कसलं, दादा?" तिने घरात पाऊल टाकताच विचारलं. "परवानगी आली का?"

"आल्यातच जमा हाय. दिल्लीत कागद फिरून राह्यला," काकासाहेब म्हणाले. "अन् तुला कुठं मुंबईला जायचंय? जरासं वर उचलायचं, तळ्यावरून एक चक्कर मारायची, अन् खाली ठेवायचं."

खाली ठेवायचं. जणू ती पाण्याची कळशीच होती.

तिने तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण दीड वर्ष हा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये खपला होता. परदेशातून सुटे भाग मागवून, पुतण्या बबलूला हाताशी धरून, त्याने पंखांचे पत्रे एकेक रिवेट मारून जोडले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट फीत कापायच्या आधी एवढी पुढे नेली होती. अर्पिताला मनातून त्याचं कौतुक वाटत होतं, आणि कौतुक वाटतंय याचा रागही येत होता. आधी यंत्र बघू, मग काय ते बोलू, असं तिने ठरवलं.

दसऱ्याच्या सकाळी सोयाबीन काढलेल्या रानात विमान उभं होतं. प्रोपेलरवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक, नाकाला झेंडूचा हार, आणि दोन्ही बाजूंना आजोबांच्या नावाने 'आबासाहेबांचा आशीर्वाद' असं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लिहितात तसं ऐटदार अक्षरात. बांधावर मंडप घातला होता. आमदारसाहेब आणि पाहुणे यायचे होते, पण त्यांच्या खुर्च्यांवरचे टॉवेल कधीच येऊन पसरले होते.

अर्पिताने हार काढून बबलूच्या हातात दिला आणि इंजिन सुरू केलं. आवाज गोड होता. इंजिन चांगलं गरम झाल्यावर तिने पेट्रोलचा विजेवरचा पंप लावला, रेडिओ लावला, आणि इंजिन खोकलंसुद्धा नाही, एकदम गप्प झालं.

"गरम झालं की करतं असं," काकासाहेब खालून म्हणाले. "थंड होऊ दे जरा, मंग बराबर चालतं."

"म्हणजे आधीपण झालंय?"

"एखाद-दुसऱ्या वेळी."

"चारदा झालं, काका," बबलू म्हणाला, आणि काकांची नजर पाहून हाराशी चाळा करू लागला.

जुन्या इंजिनांना मॅग्नेटो असायचा. तो आपली ठिणगी आपणच पाडायचा. बॅटरी मेली तरी इंजिन फिरत राहायचं. या इंजिनाचं ठिणगी पाडणारं इग्निशन इलेक्ट्रॉनिक होतं. त्याला वीज लागायची, आणि वीज कमी पडली की ठिणगी बंद. म्हणून बनवणाऱ्यांनी इग्निशन दोन दिली होती, आणि दोघांना स्वतंत्र बॅटऱ्या. एक गेली तरी दुसरी घरी आणील, एवढा साधा हिशेब होता.

अर्पिताने पुन्हा इंजिन लावलं. एक नंबरचं बटण बंद केलं, इंजिन चालू राहिलं. ते लावून दोन नंबरचं बंद केलं, तरीही चालू राहिलं. म्हणजे दोन्ही इग्निशन ठणठणीत. काकासाहेबांनी आजूबाजूच्या चार रिकामटेकड्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्या चौघांनी माना डोलावल्या. चहा काकासाहेबांचाच होता. मग तिने पंप आणि रेडिओ लावला, व्होल्टचा काटा खाली बसत गेला, आणि दोन्ही इग्निशन एकाच क्षणी मेली.

बॅटऱ्या स्वतंत्र असत्या तर दोन्ही एकदम मेली नसती. ती उतरली आणि सीटमागचं झाकण उघडलं. एका कप्प्यात बॅटरी होती आणि पंप, रेडिओ, दोन्ही इग्निशन, सगळ्यांच्या वायरी तिलाच जोडलेल्या होत्या. दुसऱ्या कप्प्यात, बॅटरीच्या जागी, लाल फडक्यात गुंडाळलेली एक वीट होती. पट्टा आवळून नीट बसवलेली.

"दुसरी बॅटरी कुठंय?" तिने विचारलं.

उत्तर मंडपातून आलं. हॅलो, हॅलो, माइक चेक, असं कुणीतरी घसा ताणून सांगत होतं.

"माइकला लावली," बबलू म्हणाला. "सणासुदीचं लाइनीचा भरोसा न्हाई ना. मागच्या पंधरवड्यात काकानं शाळेच्या कार्यक्रमाला नेल्ती, तवापासून माइकलाच हाय."

"आणि वीट?"

"मागचं वजन कमी झालं तं विमानाचा तोल जातो, म्हणले काका. त्यांनीच तोलून बराबर तेवढ्या वजनाची ठेवली."

अर्पिता त्या विटेकडे बघत राहिली. आजवर तिने बापाला मूर्ख समजून सगळं माफ केलं होतं. इमू मेले, माफ. मोती निघाले नाहीत, माफ. पण मूर्ख माणूस बॅटरी काढून नेतो आणि विसरून जातो. तो वीट तोलून ठेवत नाही. ज्याला वजनाचा तोल कळतो, त्याला ती बॅटरी कशासाठी होती हेही कळतं. दादांना सगळं कळत होतं. तिला त्यांची किळस आली.

"माइकची बॅटरी काढून आणा," ती म्हणाली. "मी बसवते. पुन्हा तपासते."

काकासाहेबांनी मंडपाकडे पाहिलं. "आता कशी काढू? सायेबांची गाडी गावात शिरली. अन् माइकबिगर भाषण होतं का?"

"मंग तुम्ही बाजूला बसा. दोन सीटं हायेत."

ते आधी हसले. ती हसत नाही हे दिसल्यावर हसू आवरलं. "मी बसलो तं पाहुण्यांचं कोण बघंल?"

"पाहुणे खुर्चीत बसतील. जरासं वर उचलायचं अन् खाली ठेवायचं."

"मला उंचीवर चक्कर येती, बाई." शेडच्या पत्र्यावर चढून हाच माणूस स्वतः झेंडा लावायचा.

"बरं," अर्पिता म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिला बराच जोर लावावा लागला. "मंग मला 'नको बसू' म्हणा. तेवढंच म्हणा, दादा. मी मनात काही ठेवणार न्हाई."

रस्त्यावर धूळ उठली. पांढऱ्या गाड्यांची रांग मंडपाकडे वळली, ताशा सुरू झाला. काकासाहेबांनी फेटा सारखा केला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मायेने म्हणाले, "पाच मिनिटांचं काम हाय. अन् तुला तं येतं सगळं."

ते मंडपाकडे निघाले. अर्धी वाट गेल्यावर वळून त्यांनी बबलूला ओरडून सांगितलं, हार परत घाल. बबलूने घातलाही, आणि उघडं राहिलेलं झाकणही लावून टाकलं, फोटोत बरं दिसत नाही म्हणून.

अर्पिताने विमानाची चावी काढून खिशात टाकली आणि रानातून चालू लागली. मंडपाच्या मागून जाताना तिला कुणी पाहिलं नाही. सगळे साहेबांकडे बघत होते. ती रस्त्याला लागली तेव्हा सत्कार चालू होता. ती फाट्याजवळ पोहोचली तेव्हा माइक काकासाहेबांच्या हातात आला. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

"माझ्या काळजाचा तुकडा मी आज आभाळाच्या हवाली करणार होतो," ते म्हणाले, आणि थोडं थांबले. खालून बबलूने काहीतरी सांगितलं असावं. "पण लेकीची जात पडली. ऐन टायमाला घाबरली पोरगी. चालायचंच."

मंडपात लोक हसले, टाळ्या वाजल्या. अर्पिता बॅनरखाली बसची वाट बघत उभी राहिली.