भिकू तांडेलाचे शीड

मित्रांनो, ज्या फडक्यावर तुम्ही जवळा वाळत घालता आणि जाता-येता ज्याला खुशाल पाय पुसता, ते फडके म्हणजे मी. मी एक जुने शीड आहे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी शिडे शिवणाऱ्या सिराजुद्दीनचाचांनी मला शिवले. जाड पांढरा मांजरपाट, दुहेरी टाका. "वारा फाटंल, पन ह्या शीड न्हाय फाटायचा," असे म्हणून त्यांनी मला थळच्या भिकू तांडेलाच्या खांद्यावर दिले.

भिकूच्या होडीवर माणसे दोनच, तो आणि त्याचा एकुलता एक मुलगा कान्हा. कान्ह्याची बायको राही किनाऱ्यावरून मला लांबूनच ओळखायची आणि चूल पेटवायला घराकडे वळायची. माझे कौतुक तेवढेच झाले. मला ते पुरत होते.

एका दुपारी अचानक वारा फिरला. मला सोडवायला कान्हा डोलकाठीवर चढला, होडी कलली आणि तो पाण्यात पडला. भिकूने त्याचा हात धरला होता. तो सुटला. हे भिकूने पाहिले आणि मी पाहिले. तिसरे तिथे कोणी नव्हते.

देह मिळाला नाही. आमच्या वाडीत देह मिळेपर्यंत रडत नसत. रडणे म्हणजे माणसाला आपल्याच तोंडाने मारणे, असे मानत. पण त्यालाही वाट ठेवलेली होती. होडीवरच्या माणसाने पंचांसमोर "मी पाहिले" एवढे म्हटले, की घर रडायला मोकळे होई. पंच आले. भिकू म्हणाला, "वाऱ्यात काय दिसताय? येल तो." पंच उठून गेले.

मग वर्षे गेली. राही हिरव्या बांगड्या घालून रोज तिन्हीसांजेला कान्ह्याचे ताट वाढायची. तिच्या कडेवरची लेक काशी शाळेत जाऊ लागली. भिकू दुसऱ्याच्या मचव्यावर जायचा. मला त्याने गुंडाळून पडवीत टाकले. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला, पण त्याची कोणाला पर्वा?

एकदा यूनुस नावाचा माणूस बैलगाडीत सिनेमाचे यंत्र घालून वाडीत आला. त्याचा पडदा वाऱ्याने फाटला होता. लोकांना माझी आठवण झाली. "न्या," भिकू म्हणाला, "पन परत आना. कान्हा आला का लागंल."

दोन माडांमध्ये मला बांधले. चित्र माझ्याच अंगावर पडत होते, म्हणून मला ते दिसले नाही. मला दिसले ते चेहरे, गोष्ट मी नुसती ऐकली. हाताने काढलेल्या चित्रांचा सिनेमा होता, लहान मुलांसाठी. बगळ्याच्या पिल्लाचा बाप वादळातून परत येत नाही. पिल्लू विचारत राहते, आई गप्प. शेवटी ती म्हणते, "बाळा, मला फार वाईट वाटतंय. ये, दोघं मिळून रडू." सगळी वाडी नाक ओढू लागली. भिकूचेही डोळे भरले होते. मी समोरच होते, मला फसवणार कसा?

तेवढ्यात काशी मोठ्याने म्हणाली, "आये, आपला बा पन आला न्हाय. आपन कवा रडायचा?"

राहीने हंबरडा फोडला. इतक्या वर्षांचे रडणे ते, आवरता आवरेना. भिकू ताडकन उठला, पुढे आला आणि मला ओरबाडून खाली खेचले. यंत्र चालूच होते. रडणारी बगळी आणि तिचे पिल्लू त्याच्या सदऱ्यावर हलत होती आणि तो ओरडत होता, "माझा पोर जित्ता हाय!"

राही त्याच्यासमोर उभी राहिली. "मामा, होडीवर तुमी व्हते. येकदाच सांगा. मंग मी काय मागनार न्हाय."

"ताट वाढलास का?" भिकूने विचारले.

दुसऱ्या दिवशी राहीने बांगड्या स्वतःच उतरवल्या आणि मुंबईला भावाकडे जायचे ठरवले. निघायच्या वेळी ती काशीला घेऊन दारात थांबली. थांबलीच. पडवीत भिकू माझ्यात तोंड खुपसून बसला होता. "कान्हा, तुझा हात सुटला रं माझ्या हातून. मी बघत ऱ्हायलो," तो पुटपुटत होता. सगळे सांगितले त्याने, अगदी शेवटची लाट कुठून आली तेही. माझी घडी ओली झाली. दार चार पावलांवर होते.

मग त्याने माझ्याच काठाने तोंड पुसले, बाहेर गेला आणि म्हणाला, "गाडी थांबलीय. रेवसची लाँच चुकंल."

त्या दोघी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. भिकू म्हातारपणी त्याच पडवीत वारला. तेव्हा वाडी रीतसर रडली.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. फाटक्या शिडाला जपून काय करणार? पण रडू आले, तर माणसाजवळ रडा. भिकूने मला निवडले, कारण मी उलट काही विचारणार नव्हते. जे ऐकायला दोन जणी दारात उभ्या होत्या, ते त्याने एका फडक्याला सांगितले, आणि मला ते दारापर्यंत पोचवता आले नाही.