सेबूचा दशांश

वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरची पोरं पाढे शाळेत शिकतात, पण भागाकार शिकतात तो सेबेस्टियनच्या ओट्यावर. सत्तरी ओलांडलेला हा नाखवा बोट मुलाच्या हवाली करून कधीच घरी बसला होता. त्याचं तोंड मात्र अजून रोज समुद्रावर जायचं आणि कधी रिकामं परत यायचं नाही. सेबूनं सांगितलं की जाळ्यात वीस हातांची घोळ आली, की ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात दहानं भागायचं आणि दोन हातांची घोळ घेऊन घरी जायचं. कुणी त्याला खोटारडा म्हणत नसे. भागायचं, एवढंच.

हा दहाचा आकडा दिला फादरनी. एका रविवारी प्रवचनात दशांशाचा विषय निघाला, मिळकतीतला दहावा हिस्सा देवाचा. शेवटच्या बाकावर सेबू बसलेला. आदल्याच दिवशी त्यानं फादरना सांगितलं होतं की किल्ल्यासमोर धरलेल्या एका घोळीच्या पोटात चर्चची घंटा होती, आणि ती धक्क्याला लागेपर्यंत पोटातल्या पोटात अशी वाजत राहिली की खाडीतल्या साऱ्या बोटींनी संध्याकाळची प्रार्थना दुपारीच उरकून घेतली. फादर त्याच्याकडे बघून म्हणाले, सेबेस्टियनच्या बोलण्यातलाही दशांश तेवढा देवाचा, बाकीचं त्यानं आपल्या घरी न्यावं. सगळं चर्च हसलं आणि गावाला माप मिळालं. चर्चच्या घंटेला दहानं भागलं तर बकरीच्या गळ्यातली घंटी उरते, आणि तेवढी घोळीच्या पोटात सापडायला कुणाची हरकत नव्हती. सेबूला राग आला नाही. उलट सोयच झाली. लोक भागणारच म्हटल्यावर आकड्यात हात आखडता कशाला घ्यायचा?

असा माणूस वसुंधराताईंच्या हाती लागला ते साल दोन हजार नऊ.

वसुंधराताई मूळच्या सांगलीकडच्या, विरारला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि शब्दसुद्धा मोजून, दोनदा पडताळून हातावर ठेवणाऱ्या. त्यांचा भाचा सुमेध रक्ताच्या कॅन्सरनं गेला होता. ज्या पेशींपासून अंगात रक्त तयार होतं त्या स्टेम सेल त्याला दुसऱ्या कुणाच्या मिळाल्या असत्या तर कदाचित वाचला असता, पण जुळणारा माणूसच मिळेना. नावं नोंदवलेली माणसंच मूठभर, त्यात मिळणार कोण? ताई रडत बसल्या नाहीत. दोन-चार सोबती जमवून त्या शाळांची ज्युनिअर कॉलेजं पालथी घालू लागल्या. अठरा पूर्ण झालेल्यांना समजवायचं, तयार असेल त्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि ती तपासणीला पाठवायची. पुढं कधी कुणा आजाऱ्याशी जुळलं तर बोलावणं येणार.

पण ताईंनी पडद्यावर पेशींची चित्रं दाखवायला सुरुवात केली की कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत पोरं एका तालात जांभया देत. एकदा तर, असं म्हणतात, त्या जांभयांच्या वाऱ्यानं पडदाच उलटा झाला. म्हणतात म्हणजे सेबू म्हणतो, तेव्हा नुसता हलला असेल.

एके दिवशी ताई आल्बिनाच्या पाटीशी पापलेट घ्यायला थांबल्या. आल्बिना सेबूच्याच आळीतली, तोंडानं तिखट आणि तराजूला सरळ. तिच्या शेजारी पालथ्या टोपलीवर बसून सेबू एका वाम मासळीची कथा सांगत होता. गिऱ्हाइकं पैसे हातात धरून उभी, बर्फ वितळतोय, मांजरंसुद्धा मासे सोडून त्याच्याकडे बघतायत. ताईंनी तिथल्या तिथं ठरवलं की हा माणूस आपल्याला हवा. अट एकच घातली. वर्गात थाप मारायची नाही, कागदावर आहे तेवढंच सांगायचं. वाम मासळीला तिथंच सोडून सेबूनं मरियामातेची शपथ घेतली. आल्बिनानं ती ऐकली आणि पापलेटावर आणखी बर्फ टाकला.

शाळा वसई गावातलीच, बारावीचा वर्ग, निम्मी पोरं पाचूबंदरची आणि उरलेली त्यांच्याकडून भागायला शिकलेली. सेबू धुवट सदरा घालून फळ्यापुढं उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा निव्वळ खरं बोलायचं होतं, आणि कवळी घरी विसरून आल्यासारखं त्याला तोंडात मोकळं मोकळं वाटत होतं. तरी शपथ ती शपथ. त्यानं सांगितलं की दहा हजारांत एखाद्याचंच जुळतं. जुळलं तर पाच दिवस रोज एक सुई, त्यानं अंग ठणकतं, हिवताप भरल्यासारखं. मग चार तास खुर्चीत बसायचं. एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र हव्या तेवढ्या पेशी काढून घेतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. गेलेल्या पेशी अंग पुन्हा भरून काढतं.

पोरं टक लावून ऐकत होती. ओठ मात्र हलत होते, परीक्षेत तोंडी हिशेब करताना हलतात तसे. सेबूला वाटलं, प्रार्थना म्हणतायत.

मग काय झालं विचारू नका. अठरा पूर्ण झालेली यच्चयावत पोरं तोंड उघडून रांगेत. ज्यांना अजून महिने बाकी होते ती हिरमुसली. कुणी कां कूं केलं नाही, दुखेल का म्हणून विचारलं नाही. ताईंच्या काड्या संपल्या. त्या दिवशी त्यांनी सेबूला खऱ्याची ताकद या विषयावर एक छोटंसं भाषण दिलं, आणि त्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. आपण उगाचच इतकी वर्षं थापांवर खर्ची घातली, असं त्याला घरी जाईपर्यंत वाटत होतं.

पुढं पावसाळा आला, गेला, बोटी पुन्हा दर्यात उतरल्या, आणि एक दिवस बातमी आली की क्रिस्टिनाचं जुळलं. क्रिस्टिना म्हणजे त्याच वर्गातली, आल्बिनाचीच नात, आईबाप कुवेतला, पोर आजीजवळ वाढलेली. आजारी होतं ते कुठलंसं सात वर्षांचं पोर. नाव, गाव, जात, पत्ता काही सांगायचं नाही असा नियम. क्रिस्टिना नाचायचीच बाकी होती. आल्बिनानं शेजारीपाजारी सांगून टाकलं, की पोरीला जरा मुंबईला जाऊन यायचंय, दुपारच्या जेवणाला परत.

वसुंधराताई सगळं समजावून सांगायला घरी आल्या. सोबत सेबू आला, कौतुक करून घ्यायला. ताईंनी पाच सुयांचा विषय काढला, आणि क्रिस्टिनाचा चेहरा सुकतीला ओसरणाऱ्या पाण्यासारखा मागं मागं जात चालला.

"पाच?" ती म्हणाली. "अर्धी ना?"

ताईंना कळेना. अर्धी सुई कशी टोचतात? क्रिस्टिनानं सेबूकडं बोट दाखवलं. सेबूबाबांनी पाच सांगितल्या, म्हणजे अर्धी. चार तास, म्हणजे जेमतेम एक रोझरी म्हणायचा वेळ. ताप दहावा हिस्सा, म्हणजे डोकं जरा जड. सगळ्या वर्गानं तसंच धरलं होतं. कागदावर पाच छापलंय ते दिसलं होतं, पण सेबूचं बोलणं छापलं म्हणून कुणी भागायचं सोडतं का?

ताईंनी सेबूकडं बघितलं. चुकून पास केलेल्या खोट्या चेककडं बघावं तसं.

"मी खरं बोललो," सेबू म्हणाला. "शपथेवर."

"तेच तं," आल्बिना म्हणाली. "सांगायचं व्हतं आधी, का आज खरं बोलतंय म्हनून. गावाला काय सपान पडतं?"

जन्मभर थापा मारून सेबूनं कुणाला फसवलं नव्हतं, आणि एकदा खरं बोलला तर अख्खा वर्ग फसला. तो वर्ग पुन्हा भरवून पोरांना नीट सांगायचं ताईंनी तिथंच ठरवलं, पण ते नंतर. क्रिस्टिनाचं काय? ताई शांतपणे बोलल्या. तिला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे आणि नाही म्हटलं तर कुणी तिला दोष देणार नाही. फक्त जे ठरवायचं ते आत्ता. कारण पुढं त्या पोराचं स्वतःचं रक्त तयार होणंच औषधानं बंद करतील, आणि त्यानंतर हिनं पाय मागं घेतला तर ते पोर जगणार नाही.

क्रिस्टिना ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. नाही म्हणायचं तिच्या मनात नव्हतं. पण पाच सुया पाचच निघाल्या तर बाकीचं काय काय निघेल, हा विचार सुटत नव्हता. ताईंनी पुन्हा सगळं सांगितलं, कागद दाखवला, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. पोरीनं मान हलवली, पण आकडे कानावरून घरंगळून गेले. शेवटी तिनं सेबूकडं वळून विचारलं, "बाबा, खरं सांगा. किती दुखंल?"

अंग ठणकेल, सोसवेल, हे खरं. पण सेबूच्या तोंडून निघालेलं खरं या घरात कुणी पाहिलंच नव्हतं. मोठं होतं की लहान, ते कशाशी मापणार? ही पोर दुडदुडत होती तेव्हापासून तिनं त्याचा प्रत्येक मासा दहानं भागूनच घरी नेला होता.

आल्बिनाच्या ते आधी ध्यानात आलं. "मेल्या, आधी एवढं सांग," ती म्हणाली. "आज भागायचं का नाय भागायचं?"

सेबूनं पाठ ताठ केली. "भागायचं," तो म्हणाला.

मग काय, दर्या उघडला. पन्नास सुया, म्हणाला तो. प्रत्येक सुई लग्नघरच्या वरवंट्याएवढी. पहिल्या दिवशी काही नाही, पण तिसऱ्या दिवशी अंग असं ठणकेल, की जणू तुझ्या आजीनं चाळीस पाट्या डोक्यावर घेऊन धक्क्यापासून बाजारापर्यंत न थांबता चालत जावं. हाडं एकमेकांशी भांडतील, वसईतली सारी कुत्री उत्तर देतील. आणि चाळीस तास खुर्चीत. यंत्र घरघरतंय, हात हलवायचा नाही, नाकाला खाज सुटली तर आजीनं खाजवायची. इतकं रक्त फिरेल की भरतीला खाडी लाजेल. आणि तुला भूक लागेल, पोरी, पन्नास पाव आणि परातभर कोंबडीचं भुजिंग संपवशील.

ताई अर्ध्या उठल्या होत्या त्याला थांबवायला. मग त्यांना पोरीचे ओठ हलताना दिसले. पाच. चार पाट्या म्हणजे आजी रोज रडत-कुढत का होईना नेतेच. चार तास. पाच पाव. क्रिस्टिनाच्या चेहऱ्यावर पाणी परत चढू लागलं. बँकेत उभा जन्म काढलेल्या ताईंनीही मनातल्या मनात शून्यं खोडून पाहिली, आणि हिशेब कागदाशी बरोब्बर जुळला. त्या परत बसल्या.

"आनि ते पोर?" क्रिस्टिनानं विचारलं. "ते वाचंल?"

सेबूच्या जिभेवर शंभर वर्षं आली होती. शंभर वर्षं जगेल, तुझ्या नातवाच्या लग्नात नाचेल. त्यानं ती गिळली.

"ते मला नाय ठाव," तो म्हणाला. "कोनालाच नाय ठाव."

हे कसं भागायचं ते कुणाला माहीत नव्हतं. आल्बिनानं डोक्यावरचा पदर सारखा केला. क्रिस्टिना उठली आणि म्हणाली, पन्नास सुयांना काय घाबरायचं. उद्या सकाळी ताईंना पुन्हा एकदा विचारायला सांगितलं, म्हणजे झोपेत मन बदलतंय का ते कळेल. ताईंनी सकाळी विचारलं. बदललं नव्हतं.

ती गेली, दिलं आणि आली. अंग ठणकलं, आणि तिसऱ्या दिवशी आपल्या आजीला तिनं विचारलं की हे पाट्यांचं रोजचंच आहे का. आजीनं कालवण वाढलं. पाव मात्र सहा संपले. सेबूचा हिशेब चुकला तो तेवढाच.

त्यानंतर ताईंनी नियम बदलला. पाचूबंदरच्या आणि दहाचं माप पोचलेल्या अर्नाळ्याच्या पोरांपुढं सेबूनं गुणून सांगायचं आणि ताईंनी मागाहून फळ्यावर भागून दाखवायचं. विरारच्या फ्लॅटमधल्या पोरांपुढं मात्र त्यानं गप्प बसून काड्या वाटायच्या. एकदा तो विसरला आणि तिथं पन्नास सुया सांगून बसला. पहिल्या दोन रांगा खिडकीतून बाहेर पडल्या. म्हणजे सेबू म्हणतो. एखादं पोर दारातून गेलं असेल.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी ताई मुद्दाम आल्बिनाच्या पाटीशी आल्या आणि सेबूच्या कानात काही बोलल्या. दवाखान्याची परवानगी मिळाली होती तेवढंच, त्याच्या पलीकडं एक अक्षर नाही. सांगायचं काम त्यांनी त्याच्यावर सोपवलं. क्रिस्टिना कॉलेजच्या वाटेवर आजीला डबा द्यायला थांबली होती. सेबू टोपलीवरून उठला आणि त्यानं सदरा झटकला.

"ते पोर घरी गेलं," तो म्हणाला. "शाळेत जातं."

क्रिस्टिना त्याच्याकडं बघत राहिली. ओठ हलायला लागले आणि थांबले. "भागू?"

"एकच पोर हाय," सेबू म्हणाला. "त्याला कशी भागशील?"

आल्बिनानं तराजूत एक सरंगा टाकला, वर आणखी एक टाकला, वजन न बघताच दोन्ही कागदात गुंडाळून सेबूच्या हातात दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ओरडून विचारलं, काय पायजे. सेबू घरी निघाला. वाटेत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला त्यानं सांगितलं की आल्बिनानं आज वीस सरंगे फुकट दिले, आणि पाचूबंदरनं मान डोलावून दोन धरले.