घडीवरचं माप

आमच्या नव्या घराचा प्लॅन काढणारी आर्किटेक्टबाई फार गोड बोलायची. गोड बोलणारी माणसं मला तशी कमीच पटतात, पण तिचा पहिलाच प्रश्न मला आवडला. "घरात कोण, कुठे आणि किती वाजता बसतं ते आधी सांगा. खिडक्या मग ठरवू."

झालं! आमच्या ह्यांना दाढी करताना तोंडावर सकाळचं ऊन हवं होतं. दुपारी झोपताना तेच ऊन अजिबात नको होतं. मी म्हटलं, "मला फक्त शिवणाची खोली उजळ द्या. बाकीचं घर अंधारात ठेवलंत तरी माझी हरकत नाही."

कारण शिवणावर आमचं पोट. कापणं आणि मशीन माझ्याकडे. काजं, बटणं, तुरपाई सासूबाईंकडे. सासूबाई पक्क्या डावखुऱ्या. सुई डाव्या हातात, चमचा डाव्या हातात आणि मला सुनावताना रोखलेलं बोटही डावंच. जुन्या खोलीत एकुलती एक खिडकी, दोघींच्याही डाव्या बाजूला. कारण दोघींची तोंडं दाराकडेच हवीत. "आल्यागेल्याचं तोंड दिसलं पाहिजे," हा त्यांचा कायदा, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

पण गेल्या वर्षापासून त्यांचे टाके वाकडे जायला लागले. एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला तेव्हा त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढून डब्यात टाकलं आणि म्हणाल्या, "डोळे गेले माझे. काजं आता तूच कर. नव्या घरात मी नुसती बसून खाणार." बसून खाणार म्हणाल्या आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. आमचं रोज वाजतं, ते खरं आहे. पण हात रिकामे ठेवून बसलेल्या आई मला बघवेनात.

म्हणून मला ती खिडकी ऐसपैस हवी होती, चांगली पाच फुटी. उजेड धो धो आला की आई पुन्हा सुई धरतील, असा माझा हिशोब. आर्किटेक्टबाईला म्हटलं, "या खोलीच्या खिडकीचं माप मी देते," आणि पेन्सिल घेऊन तिच्या कागदावर आकडा टाकला.

तिने कागद बघितला. "ताई, एवढीच?"

"जन्म गेला माझा मापं देण्यात," मी म्हटलं. "दिलंय तेवढं काढा." तिने बिचारीने तेवढीच काढली.

भिंती चढल्या आणि एक दिवस सुतार चौकट घेऊन आला. मी, हे आणि आई, तिघंही बघायला गेलो होतो. चौकट बघून माझं डोकंच फिरलं. "ही खिडकी आहे की पोस्टाची पेटी?" मी सुताराला असं झाडलं, की शेजारच्या बांधकामावरचे लोक काम थांबवून बघायला लागले. त्याने शांतपणे प्लॅन पुढे केला. आकडा होता अडीच. अक्षर माझं.

ह्यांनी कागद पाहिला आणि हसत सुटले. "अगं, तू माप घडीवर मारलंस!"

शिवणात कापड दुहेरी घालतात. जे माप असेल त्याच्या अर्ध्यावर खूण करायची, घडी उघडली की ते पूर्ण होतं. वर्षानुवर्षं हाताला तीच सवय. "आता भिंत उलगडून दाखव," हे म्हणाले. मला लाज वाटली, म्हणून मी आणखी चिडले.

"हसू नका! गवंडीदादा, भिंत फोडा आणि खिडकी मोठी करा." गवंडी हातोडा आणायला गेला.

तेवढ्यात आईंना सुताराच्या शर्टाचं लोंबतं बटण दिसलं. लोंबतं बटण बघून त्यांना गप्प राहवत नाही. "काढ तो शर्ट," म्हणाल्या आणि पर्समधून सुईदोरा काढून विटांवर बसल्या. दाराकडच्या बाजूला रेती पडली होती, तीत पाय भरायला नकोत म्हणून नाइलाजाने दाराकडे पाठ करून. खिडकीची मोकळी जागा त्यांच्या उजव्या हाताला आली.

दोरा पहिल्या खेपेलाच सुईत गेला. मी बघतच राहिले. टाकेही सरळ पडत होते, एकापाठोपाठ एक.

"आई, जरा दाराकडे तोंड करून बसा बघू."

"काय खेळ लावलाय?" कुरकुरत त्या वळल्या, सुई उचलली आणि थांबल्या. "आता दिसत नाही गं."

"दिसेल कसं? तुमचाच हात उजेडाच्या आड येतोय! सावली बघा बटणावर!"

त्यांनी डावा हात बटणावरून बाजूला घेतला, पुन्हा आणला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझे डोळे गेले नाहीत?"

"छे हो! वय झालं की उजेड जरा जास्त लागतो, एवढंच. माझ्या चुका तर तुम्हाला पलीकडच्या खोलीतून दिसतात."

गवंडी हातोडा घेऊन आला. "फोडू?"

"हात लावाल तर खबरदार!" मी म्हटलं. "ही खिडकी आहे तशीच राहू द्या. हिच्या बरोबर समोरच्या भिंतीला हुबेहूब अशीच दुसरी काढा."

हे म्हणाले, "उलगडली की गं भिंत!" त्यावर मलाही हसू आलं.

आता नव्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसतो, दोघींची तोंडं दाराकडे. माझी खिडकी माझ्या डावीकडे, आईंची त्यांच्या उजवीकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी डब्यातून अंगुस्तान काढलं आणि माझ्या मांडीवरचा शर्ट ओढून घेतला. "आण इकडे. वर्षभर बघतेय तुझी काजं. उंदराने कुरतडल्यासारखी!"

एरवी मी चार दिवस बोलले नसते. त्या दिवशी शर्ट मुकाट्याने सोडला आणि खडू शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आईंना आता सगळं स्वच्छ दिसतं.