छोटं पातेलं

ताई गेल्यापासून भाऊजींच्या पोटात चहा आणि त्यात बुडवलेल्या टोस्टाखेरीज काही जात नव्हतं, आणि तो चहा नेऊन देणाऱ्या समोरच्या दारातल्या टाचणीच्या जिवाला त्याचाच घोर लागला होता.

टाचणी ही शिवणकाम करणारी. अंगाने काडी आणि तोंडात सदा दोन-तीन टाचण्या धरलेल्या, म्हणून ताईंनीच तिला हे नाव ठेवलं होतं. पुढे जिन्यावरच्या सगळ्यांनी ते उचललं, इतकं की चिडला की तिचा नवराही तिला टाचणीच म्हणायचा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून समोर ताई आणि भाऊजी हे जोडपं. खाली रस्त्याला लागून भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या पोटी मूलबाळ नव्हतं. दोन्ही घरांचे देव निराळे, प्रार्थनेची भाषा निराळी, ताटातला घास निराळा. टाचणीच्या घरात मांस-मासळीचं नाव निघत नसे, तर समोर त्यावाचून सुटीचा दिवस सुटीचा वाटत नसे. पण दोन दारांच्या मधे एक पायपुसणं मावेल एवढीच जागा, आणि तेवढ्याशा जागेतून देवाने किती माया ये-जा करवली, त्याला सुमार नाही.

ती माया बहुतेक वेळा झाकण घातलेल्या वाटीतून जायची.

ताईंच्या माणसांत सुटीच्या दिवशी एक दाट पेज असायची. अख्खा गहू आदल्या संध्याकाळी मंद आचेवर चढवायचा, गहू आपलं गहूपण विसरेपर्यंत घोटायचा, आणि वर काळपट होईतो परतलेला कांदा पसरायचा. तिला वेगळं नाव नव्हतं. "आज भांडं लावलंय," एवढं म्हटलं की सगळ्यांना कळायचं. सगळ्यांना म्हणजे, या रस्त्यावर त्यांची पुष्कळ घरं होती तेव्हा. मग एकेक घर उठून परदेशी गेलं, त्यांच्या प्रार्थनाघराला कुलूप लागलं, त्यांचा खाटीक दुकान विकून मुलाकडे गेला, आणि शेवटी ही दोनच माणसं उरली. तरी ताईंचं भांडं चुकलं नाही, आणि टाचणीच्या दारातली वाटीही चुकली नाही.

"यात काय काय असतं हो ताई?" नवी नवरी असताना टाचणीने भीतभीत विचारलं होतं.

"गहू, कांदा, मीठ. तुला चालेल असंच आहे. खा गं निवांत."

टाचणीने खाल्लं. मग वर्षानुवर्षं खात राहिली.

ताईंना इस्पितळात ठेवलं तेव्हा टाचणी मशीन झाकून त्यांच्या पायाशी बसून असायची. ताईंना स्वतःचं काही वाटत नव्हतं, पण भाऊजींचं मात्र वाटत होतं. त्या माणसाला चहासुद्धा करता येत नव्हता. भाऊजी तसे जेवायचे बेताचंच, आठवडाभर चिमणीसारखं टिपायचे. पण सुटीच्या दिवशी त्या पेजेवर असे तुटून पडायचे की ताई म्हणायच्या, माझा नवरा आठवड्याचं एकदाच जेवतो.

"ताई, तुम्ही भाऊजींची काळजी सोडा बघू," टाचणी म्हणाली. "मी घालीन त्यांना जेवायला. तुमचं भांडं मला येतं. माझ्या जिभेला पाठ झालीय ती चव."

ताईंनी डोळे उघडले. ओठ हलले. "अगं, तुझं..." एवढंच त्या म्हणाल्या.

"बोलू नका. दम लागतोय तुम्हाला."

ताई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तिचा हात थोपटला आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर पहिल्याच सुटीला टाचणीने पेज केली. आदल्या संध्याकाळी गहू चढवला, सकाळी हात भरून येईतो घोटला. चमच्याच्या टोकाला घेऊन चाखली आणि तिचे डोळेच भरले. हुबेहूब. ताई जणू स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

भाऊजींनी वाटी घेतली. एक चमचा तोंडात घातला, गिळला, आणि म्हणाले, "छान झालंय."

संध्याकाळी ती वाटी आणायला गेली तर पेज तशीच, वर साय धरलेली.

पुढच्या खेपेला तिने मीठ वाढवलं. "छान आहे गं," भाऊजी म्हणाले, आणि वाटी तशीच राहिली. त्याच्या पुढच्या खेपेला कांदा जास्त. डॉक्टर येऊन गेले. औषधाची बाटली ठेवली आणि टाचणीला बाजूला घेऊन म्हणाले की औषध राहू दे, यांच्या पोटात अन्न घाला, नाहीतर हे शरीर फार दिवस तग धरणार नाही. भाऊजींच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

"तू बहुतेक त्यांना भुकेनंच मारणार," टाचणीचा नवरा म्हणाला. तो बस चालवायचा आणि दिवसभर उतारूंवर ओरडून घरी आल्यावर सुद्धा त्याचा आवाज तसाच असायचा. "अगं, ज्याला तोंडच नाही त्याच्यापुढे वाट्या कसल्या नाचवतेस?"

"गप्प बसा. तोंड आहे त्यांना. माझंच काहीतरी चुकतंय."

त्या दिवशी ती वाटी घेऊन गेली ती परत यायला उठलीच नाही. भाऊजींसमोर बैठक मारून बसली.

"भाऊजी, आज खरं सांगा. काय कमी पडतंय?"

"काही नाही गं. छान..."

"छान झालंय तर संपत का नाही? मला लाज वाटेल म्हणून गोड बोलू नका. मी ताईंना शब्द दिलाय."

भाऊजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"ही तिच्याच हातची आहे," ते म्हणाले. "अगदी तशीच. पण ही तुझी आहे."

"माझी म्हणजे?"

"तुझी. ती तुझ्यासाठी वेगळी लावायची. छोट्या पातेल्यात. आमची मोठ्यात. मोठ्यात हाडं असायची, चरबी असायची, आणखी काय काय. मी कधी बघितलं नाही. तुझ्या घरी चालत नाही म्हणून तुझं पातेलं आधी चढवायची, डावसुद्धा वेगळा. तो खिळ्याला आहे ना, लाल दांड्याचा, तो तुझा."

सुटीच्या सकाळी जिन्यात येणारा तो जड वास टाचणीला आठवला. त्यांचं दुसरं काहीतरी शिजत असेल, असंच ती समजत आली होती.

"मला कधी बोलल्या नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यासाठी एवढा खटाटोप नको. तिला तो करायचा होता."

"आणि तुम्ही? तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू एवढं घोटून आणलंस," भाऊजी म्हणाले. "कसं सांगू?"

मग टाचणी खाली बघत म्हणाली, "माझ्याकडून यायचं ना, ते आंबट कालवण? तुमच्या वाटीत मी मिरची घालतच नव्हते. तुम्हाला सोसायची नाही म्हणून."

"काय सांगतेस!" ताई गेल्यापासून भाऊजी पहिल्यांदा हसले. "आणि मी दुकानात येईल त्याला सांगायचो, या लोकांना तिखटाची सवय नाही म्हणून!" हसता हसता त्यांना ठसका लागला, तो लवकर थांबेना. टाचणीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला तर सदऱ्याखाली नुसती हाडं लागली.

घरी आल्यावर ती मशीनपुढे बसली, पण पाय हलेना. अगं, तुझं... ताई म्हणाल्या होत्या. अगं, तुझं वेगळं होतं. हेच सांगायचं होतं त्यांना, आणि तिने बोलू नका म्हणून त्यांचं तोंड बंद केलं. आणि त्यांनीही ते मिटलं, कारण एवढ्या वर्षांनी हिला कशाला ओशाळं करा. देवा, माणसाने माणसाला जपावं हे तूच शिकवलंस ना? मग जपता जपता असं कसं रे झालं?

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या वहीतून ताईंच्या भाचीचा नंबर शोधून तिने परदेशी फोन लावला. भाची भली होती. आत्याची आठवण काढून रडली. पण पेजेचं विचारल्यावर थांबली.

"आम्ही इथे पाकिटातली आणतो हो. गरम केली की झालं. माझ्या आईला यायची, अगदी आत्यासारखी."

"मग आईंना द्या ना फोन."

"आई आता मलाच ओळखत नाही," भाची म्हणाली.

मग टाचणी खाटकाकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा. नाकाला पदर लावायचा नाही असं ठरवून गेली होती आणि तसंच केलं. हा खाटीक अलीकडेच आलेला होता, ताईंना त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

"हाडं हवीत."

"कुत्र्यासाठी?"

"माणसासाठी."

"मग कोणती देऊ? नळीची, मानेची, पायाची? कोवळ्या जनावराची की जून जनावराची?"

तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने थोडीथोडी सगळीच घेतली.

नवऱ्याने पिशवी बघितली आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "टाचणे, तू हे हातात धरणार? उद्या देवापुढे कुठले हात जोडशील?"

"हेच. धुऊन."

पण ताईंचं मोठं पातेलं पाण्याने भरल्यावर तिला उचलेना, तेव्हा तोच आला आणि शेगडीवर चढवून देऊन गुपचूप निघून गेला.

भाऊजींच्या स्वयंपाकघरात, भाऊजींच्या शेगडीवर तिने ती पेज लावली. भाऊजी दाराशी स्टुलावर बसून होते. तिला चाखता येत नव्हतं, आणि चाखून उपयोगही नव्हता, कारण ती चव तिच्या जिभेला माहीतच नव्हती. म्हणून जीभ भाऊजींची आणि हात तिचे, असा तो स्वयंपाक चालला. तिने चमचा फुंकून त्यांच्या तोंडाशी धरायचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं.

"मीठ?"

"पुरे."

"मिरं होतं का?"

"होतं. नाही... कांद्याबरोबर काहीतरी होतं. गोडसर."

तिने कांद्यात चिमूटभर साखर घातली. भाऊजींनी चाखलं. डोळे मिटले. "त्याच्या जवळपास," ते म्हणाले, आणि टाचणीच्या अंगात बळ आलं. तिने चरबी वाढवली. मग लसूण. मग एक हाड काढून टाकलं. मग थोडं आंबट. प्रत्येक चमच्याला भाऊजी डोळे मिटायचे आणि प्रत्येक वेळी ते उघडायला जास्त वेळ लागायचा.

"आंबट होतं का भाऊजी?"

"होतं बहुतेक."

"मघाशी नव्हतं म्हणालात."

"मघाशी..." भाऊजी थांबले. त्यांनी जीभ टाळूला लावून बघितली, एखादी किल्ली खिशात चाचपावी तशी. परत एकदा. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते टाचणीने याआधी एकदाच पाहिलं होतं, ताई गेल्या त्या दिवशी, इस्पितळाच्या दारात.

तिने पुढचा चमचा भरला.

"नको," भाऊजी म्हणाले.

"एकच. शेवटचा. आत्ता कुठे जवळ आलंय."

"टाचणे, नको गं." त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती. "मला आता मूळचं आठवेना. सकाळपर्यंत होतं. रोज चहा घेताना होतं, तोंड धुताना होतं. इथे, जिभेच्या मागे. म्हणून तर दुसरं काही खात नव्हतो. आता तिथे हेच आहे."

टाचणीच्या हातातला चमचा तसाच राहिला. पेज मंद आचेवर रटरटत होती.

"थोड्या वेळाने येईल परत," ती म्हणाली. "पाणी प्या. तोंड धुवा."

भाऊजी उठले. मोरीशी जाऊन त्यांनी चूळ भरली, परत भरली, पुन्हा पुन्हा भरत राहिले. मग भिंतीला हात टेकून उभे राहिले. टाचणी बघत होती. तिने मनातल्या मनात देवाला सांगितलं, माझी जीभ घे, पण त्यांची एवढी परत दे. तिने हे मनापासून सांगितलं. देव ऐकत असतो यावर तिचा आजही विश्वास आहे.

भाऊजी वळले तेव्हा त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"गॅस बंद कर," ते म्हणाले. "आणि उद्यापासून काही आणू नकोस. चहासुद्धा नको."

ती आत तशीच उभी राहिली. भाऊजी भिंत धरत खोलीत गेले, आणि पलंगाची फळी कुरकुरल्याचा आवाज आला. मग तिने गॅस बंद केला.